सात सामन्यांचा मोसम

(चित्र: खोलीच्या फरशीवर मांडलेल्या जर्सी. फक्त पंख्याचा आवाज.)

पाठीवर नाव नाही. नुसता आकडा. 47, 52, 38. एका जर्सीवरचा आकडा कोपऱ्यात सोलवटलाय. किट सांभाळणारे काका तो अंगठ्याने दाबतात, हात काढला की तो परत वर येतो. चार वेळा दाबून झाल्यावर ते जर्सीची घडी घालतात आणि ढिगात सगळ्यात खाली सारतात.

मुख्य संघात 11 नंबर म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. इथे 47 आज कोणाच्या अंगावर चढणार, हे यादी लागेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं.

ही फुटबॉल क्लबच्या राखीव संघाची, म्हणजे मुख्य संघामागच्या दुसऱ्या फळीची खोली. आपल्याला रिझर्व्हेशन म्हटलं की रेल्वे आठवते, म्हणजे जागा पक्की, निवांत झोपा. फुटबॉलमधला रिझर्व्ह नेमका उलटा. ज्याची जागा पक्की नाही, तो रिझर्व्ह.

(चित्र: नागोवाचं मैदान, सकाळ. गवतावर पाण्याचे फवारे.)

एप्रिल 2022. दक्षिण गोवा. हे नागोवा, आणि दुसरं मैदान बाणावलीचं.

इंडियन सुपर लीग या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा मोसम महिनाभरापूर्वी संपलाय. 20 मार्चला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवलं आणि करंडक नेला. दिवे विझले. मग ही पोरं आली.

रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग, पहिलंच वर्ष. बहुतेक सगळे 21 वर्षांच्या आतले. सुपर लीगमधल्या सात क्लबांचे राखीव संघ: बेंगळुरू, केरळ, गोवा, मुंबई सिटी, जमशेदपूर, हैदराबाद, चेन्नईयिन. आठवा संघ यंग चॅम्प्सचा, नवी मुंबईच्या निवासी अकादमीतला. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ. म्हणजे एका संघाच्या वाट्याला सामने सात. मेच्या मध्यापर्यंत खेळ खलास.

सात सामने, आणि नाव लीग.

(चित्र: बाकावर बसलेला खेळाडू घोट्याला पट्टी गुंडाळतोय. दाताने तोडलेल्या टेपचा आवाज.)

एक वेढा टाचेखालून, एक वरून, मग आठाच्या आकड्यासारखा तिरपा. मोठ्या संघात हे काम फिजिओ करतो. इथे फिजिओ एक आणि घोटे चाळीस. म्हणून पोरं शिकलीत. हा बघा, टेप संपत आली तसं शेजाऱ्याने स्वतःची गुंडाळी न मागता पुढे केली. दोघंही एकाच जागेवर खेळतात, उजव्या बगलेवर. यादीत एकाचंच नाव येणार.

(चित्र: तसंच चालू राहू द्यावं. पाच सेकंद निवेदन नाही.)

राखीव संघ ही कल्पना जुनीच. इंग्लंडमध्ये राखीव संघांसाठी सेंट्रल लीग सुरू झाली ती 1911 मध्ये. दुखापतीतून उठलेला सीनियर, मर्जीतून उतरलेला स्टार आणि मिसरूड फुटू लागलेला पोरगा, हे तिघं एकाच संघात खेळायचे. पोरग्याचं शिक्षण व्हायचं ते त्या पहिल्या दोघांच्या कोपरांमुळे. शाळा म्हणाल तर हीच.

आपल्याकडे ही शाळा कधी भरली आणि कधी सुटली, याचा हिशेब लावायचा तर जरा मागे जावं लागेल.

(चित्र: सराव. शंकूंमधून पळणारी रांग. प्रशिक्षकाची शिटी.)

2017-18 मध्ये सुपर लीगच्या क्लबांच्या राखीव संघांना आय-लीग या आणखी एका राष्ट्रीय लीगच्या खालच्या, दुसऱ्या विभागात घेतलं. खरी लीग, खरे प्रतिस्पर्धी, खरे गुण. फक्त एक अट होती, राखीव संघाला बढती नाही. पहिला नंबर काढलात तरी वरच्या विभागात जायचं नाही. परीक्षा द्यायची, वर्ग तोच. तरीही पोरं जीव तोडून खेळली, कारण सामने तरी मिळत होते.

मग 2020 आलं, कोविड आला. सुपर लीगने दोन मोसम गोव्यातच, बायो-बबलमध्ये काढले. लीग चालू राहिली, टीव्हीवर रोज दिसत राहिली. वयोगटांच्या स्पर्धा मात्र जवळपास थांबल्या. सतरा वर्षांचा आघाडीपटू दोन वर्षं घराच्या गच्चीवर बॉल उडवत राहिला आणि एकोणीस वर्षांचा होऊन बाहेर आला. मुख्य संघातला तिशीचा खेळाडू दोन वर्षं थांबला तर त्याचा अनुभव शिल्लक राहतो. सतराव्या वर्षी शिल्लक काय असतं?

गंमत अशी की, याच काळात दार थोडं किलकिलं झालं. 2021-22 पासून सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी परदेशी चारच, आधी पाच असायचे. म्हणजे किमान सात भारतीय. आणखी एक जागा निर्माण झाली. त्या जागेसाठी पोरगा तयार कुठे करायचा, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर म्हणजे हे नागोवा आणि हे सात सामने. आमच्या मते अपुरं उत्तर, पण कोऱ्या पानापेक्षा बरं.

(चित्र: बेंगळुरूचा संघ. गोलाकार उभे. मधोमध नौशाद मूसा.)

हे नौशाद मूसा. मूळ मुंबईचे, स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. बेंगळुरूच्या राखीव संघाची घडी त्यांनी बसवली. 2021 च्या जानेवारीत मुख्य संघाच्या प्रशिक्षकाशी क्लबने फारकत घेतली, तेव्हा हंगामी जबाबदारी यांच्याकडेच आली. मोसम संपल्यावर ते पुन्हा पोरांकडे परतले. राखीव संघाचा प्रशिक्षकही एका अर्थी राखीवच.

(चित्र: मध्यंतर. बर्फाचा डबा, ओले टॉवेल, जमिनीवर आडवे पाय.)

मे महिन्यातल्या गोव्याचं ऊन वेगळं सांगायला नको. चित्रच बघा.

(पूर्ण शांतता. फक्त श्वास.)

शेवटी गुणतक्त्यात बेंगळुरू पहिलं, केरळ दुसरं. बक्षीस दोघांनाही: जुलैमध्ये इंग्लंडवारी, नेक्स्ट जेन कप, समोर प्रीमियर लीग क्लबांचे युवा संघ. तिथे आपली पोरं मोठ्या फरकाने हरली. तिकडचा कॅमेरा आमच्याकडे नाही.

(चित्र: बॉक्सच्या कडेवरचा बुटका खेळाडू. पाठ गोलकडे, बॉल पायाशी. वळतो.)

हे वळणं परत दाखवतो. बचावपटू उजवीकडून येतोय हे त्याने पाहिलेलं नाही. खांद्यानेच ओळखलंय. शरीर मध्ये घातलं, बॉल लांबच्या पायाकडे घेतला, आणि वळून झालं तेव्हा बचावपटू चुकीच्या बाजूला उभा.

शिवशक्ती नारायणन. तमिळनाडूचा, कारैकुडीकडचा. एप्रिल-मेमध्ये तो या मैदानांवर बेंगळुरूच्या राखीव संघाकडून खेळत होता. 18 सप्टेंबरला कोलकात्यात ड्युरंड कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला, समोर आपली मुंबई सिटी. अकराव्या मिनिटाला पहिला गोल त्याचा. बेंगळुरू 2-1 ने जिंकलं. त्या दिवसाचा एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, करंडक देताना फोटोसाठी बेंगळुरूचा कर्णधार सुनील छेत्री याला हाताने बाजूला सारलं जातं तो. त्यावर आठवडाभर चर्चा झाली. अकराव्या मिनिटाची कोणी केली नाही.

पुढच्या मोसमात, 2022-23 मध्ये, सुपर लीगचा उदयोन्मुख खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. आदल्या वर्षी तो पुरस्कार रोशन सिंग नाओरेमला होता. तोही बेंगळुरूच्याच राखीव संघातून वर आलेला. लागोपाठ दोन वर्षं एकाच क्लबच्या मागच्या दारातून दोघं आले. यात नशीब किती आणि नौशाद मूसा किती, ते तुम्हीच ठरवा.

लीग पुढे वाढली, प्रादेशिक फेऱ्या आल्या, सामने वाढले. विजेते म्हणाल तर 2023 मध्ये पुन्हा बेंगळुरू, 2024 मध्ये पंजाब, 2025 मध्ये मोहन बागान.

(चित्र: बाणावली, संध्याकाळ. दोघं जण गोलची जाळी सोडवतायत.)

या मैदानाहून फातोर्डा काही किलोमीटरांवर. 18 मार्च 2023 ला तिथे सुपर लीगचा अंतिम सामना होता, बेंगळुरू विरुद्ध एटीके मोहन बागान. बेंगळुरूच्या अकरा जणांत आघाडीला शिवशक्ती. आणि राखीव बाकावर सुनील छेत्री.

चौथ्याच मिनिटाला शिवशक्ती दुखापतीने बाहेर गेला. बदली म्हणून छेत्री उठला. सामना 2-2, पेनल्टींवर बेंगळुरू हरलं.

(चित्र: जाळी गुंडाळून खांद्यावर. रिकामी चौकट. मागे बसमध्ये जर्सींची पोती चढतायत. शेवटच्या पोत्याचं तोंड बांधलेलं नाही.)