कौलं, पत्रा आणि रेसिडेन्सीचा फॉर्म

मागे ऐकू येतंय ना? नाही आलं तर हात करा, माझा आवाज तसा लहानच आहे आणि याच गोष्टीवर पुढे यायचंय.

तर मला सांगितलंय की आर्किटेक्टने रेसिडेन्सीला अप्लाय कसं करायचं त्यावर बोला. अर्ध्या लोकांना वाटतंय मी आता पोर्टफोलिओचे फॉन्ट आणि लेआउट सांगणार. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. कॉम्पिटिशनमध्ये साइट असते, प्रोग्रॅम म्हणजे काय काय बांधायचं त्याची यादी असते, एरिया स्टेटमेंट म्हणजे कशाला किती जागा ते असतं, आपण उत्तर काढायचं. ऑफिसात क्लायंट असतो, बॉस असतो. रेसिडेन्सीत राहायला जागा, कामाला खोली, बऱ्याच ठिकाणी थोडेफार पैसे आणि काही आठवडे किंवा महिने, संपलं. मग ते विचारतात की तुला स्वतःला काय पडलंय, आणि हाच प्रश्न आपल्याला कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी विचारलेला नसतो, थिसिसला सुद्धा गाइडला काय आवडेल ते बघून आपण टॉपिक घेतो, खोटं सांगू नका.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये पीटरबरो गावाजवळ मॅकडॉवेल आहे, १९०७ पासूनची जागा, एक संगीतकार आणि त्याची पियानो वाजवणारी बायको यांनी सुरू केलेली. झाडीत सुटे सुटे स्टुडिओ आहेत, दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जातात, हाक पण मारत नाहीत. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या आहेत आणि जो राहून जातो तो त्यावर सही करून जातो. तिथे लेखक, संगीतकार, चित्रकार यांच्याबरोबर आर्किटेक्चर हा वेगळा विभाग आहे आणि आपण इथून अर्ज करू शकतो. पण हे सगळीकडे गृहीत धरू नका. रोममधली अमेरिकन अकादमी बघा, १८९४ मध्ये आर्किटेक्चरची शाळा म्हणून सुरू झालेली, पण तिचा रोम प्राइझ, म्हणजे तिथे राहून काम करायची फेलोशिप, मुख्यतः अमेरिकन नागरिकांसाठी आहे. माझ्या एका मैत्रिणीने कुठल्या तरी अशाच ठिकाणासाठी सगळा फॉर्म भरला, तीन आठवडे घालवले, आणि पात्रतेची ओळ शेवटी वाचली. ती ओळ आधी वाचा!

त्या अकादमीत लुई कान १९५०च्या अखेरीस जाऊन राहिला होता, हो तोच आर्किटेक्ट, अहमदाबादच्या आयआयएमची बिल्डिंग ज्याने केली तो. वय पन्नाशीला टेकलेलं, नावावर फार मोठी बिल्डिंग नाही. तिथून तो ग्रीस आणि इजिप्त फिरला, पेस्टलने चित्रं काढली, भिंती आणि सावल्या. परत आल्यावर येलची आर्ट गॅलरी झाली, १९५३ला उघडली. रोममुळे कान कान झाला असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच सिद्ध करता येत नाही, पण पन्नाशीतला माणूस ऑफिस सोडून नुसता भिंती बघत फिरला हे मला फार धीर देतं.

आणखी एक जागा सांगते, माझी लाडकी. लॉस एंजेलिसमध्ये रुडॉल्फ शिंडलर नावाचा व्हिएन्नाहून आलेला आर्किटेक्ट होता, त्याने १९२२ मध्ये किंग्ज रोडवर स्वतःसाठी घर बांधलं. दोन जोडप्यांचं घर, स्वयंपाकघर एकच. बेडरूम, हॉल वगैरे प्रकार नाही, चौघांना प्रत्येकी एक स्टुडिओ, आणि झोपायला गच्चीवर उघड्या माचीसारखी जागा. भिंतींचं काँक्रीट जमिनीवर आडवं ओतून मग उभं केलेलं, दोन स्लॅबच्या मधल्या बारीक फटीत काच. आता त्याच माणसाने १९३९ मध्ये बांधलेल्या मॅकी अपार्टमेंट्समध्ये व्हिएन्नाच्या माक म्युझियमची रेसिडेन्सी चालते, १९९५ पासून, सहा महिन्यांची. आर्टिस्ट आणि आर्किटेक्चर शिकून नुकतेच बाहेर पडलेले, दोघांसाठी. शेवटी प्रदर्शन करायचं असतं. म्हणजे ज्या माणसाने चौघांनी आपापल्या खोलीत काम करावं आणि एका चुलीवर जेवावं म्हणून घर काढलं, त्याच्याच इमारतीत जाऊन राहायचं. अशा ठिकाणी 'मला शांतता हवी आहे' एवढंच लिहून कसं चालेल सांगा. शांतता काय, आमच्या गावाला पण आहे.

आता माझं रडगाणं. मी पहिल्यांदा युरोपातल्या एका ठिकाणी अर्ज केला, नाव नाही सांगत, त्यांची काही चूक नव्हती. मी लिहिलं की मला कोकणातल्या पारंपरिक वास्तुकलेचा शाश्वत दृष्टिकोनातून समग्र अभ्यास करायचाय. सोबत बारा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली बिल्डिंगची चकाचक चित्रं, त्यातले नऊ मी ज्या ऑफिसात होते तिथले. दोन ओळींचा नकार आला. दुसऱ्या वर्षी तेच जरा पॉलिश करून पाठवलं, परत दोन ओळी.

मग पावसाळ्यात घरी गेले. आमच्या घरावर मंगलोरी कौलं होती ती काढून बाबांनी पत्रा घातला होता, माकडं, गळती, दरवर्षी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, सगळी कारणं खरी. आणि पाऊस सुरू झाला की आई ओरडून बोलायला लागली. भांडत नव्हती, 'आमटीत मीठ घालू का' हेच विचारत होती, पण ओरडून. बाबा तर बोलायचेच थांबले. मला वाटलं हाच माझा प्रश्न आहे, छप्पर बदललं की घरातलं बोलणं बदलतं का?

फॉर्ममध्ये हमखास एक प्रश्न असतो, आमच्याकडेच का यायचंय. तिथे लोक त्या शहराचं कौतुक लिहितात. माझं नशीब असं की मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनने काढला, आणि त्या मिशनची जुनी कागदपत्रं स्वित्झर्लंडमध्ये बासेललाच आहेत. तर तिसऱ्यांदा मी तिकडच्याच एका रेसिडेन्सीला लिहिलं की माझ्या आजोबांच्या घराचं छप्पर कागदावर तुमच्या बाजूला आहे, ते बघायचंय. रेंडर एक पण नाही. घराचा हाताने काढलेला एक सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यावर आत कसं दिसेल ते ड्रॉइंग, कौलाखालचा आणि पत्र्याखालचा, आणि दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. या वेळी बोलावलं.

ऑफिसच्या कामाबद्दल एक सांगते कारण यात सगळे फसतात. ऑफिसचं ड्रॉइंग पोर्टफोलिओत टाकायचंच असेल तर आधी बॉसला विचारा, आणि खाली स्पष्ट लिहा की यात मी जिन्याचं डिटेलिंग केलं. 'जिन्याचं डिटेलिंग' वाचून ज्युरी नाक मुरडत नाही, उलट बरं वाटतं त्यांना, अख्खं एअरपोर्ट स्वतःच्या नावावर लावणारे त्यांनी खूप बघितलेत. शिफारसपत्र मोठ्या नावाचं नको, ज्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय त्यांचं घ्या, आणि महिनाभर आधी मागा, सर लोक आदल्या रात्री फोन उचलत नाहीत.

बाकी पटापट. मॅकडॉवेलसारख्या अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जागांची मुदत तिकडच्या वेळेने रात्री ११:५९ असेल तर हिवाळ्यात आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९ असते, त्यावर अवलंबून राहू नका पण घाबरून पण जाऊ नका. युरोपात ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर साधा शेंगेन व्हिसा पुरत नाही, त्या देशाचा वेगळा काढावा लागतो, त्याला वेळ लागतो. स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, ईएमआय चालू असेल तर आधी हिशोब मांडा, विमानाचं तिकीट कोण देणार ते विचारायला लाजू नका.

आणि घरी समजावून सांगायचं ते वेगळंच. आई म्हणाली, तिकडे जाऊन बांधणार काय? म्हटलं काहीच नाही. मग पैसे कशाचे देतात?

ते रेकॉर्डिंग आणलंय मी. पहिलं मिनिट शेजारच्या काकूंच्या कौलाखालचं आहे, दुसरं आमच्या पत्र्याखालचं. स्पीकर जरा मोठा करा. मागे ऐकू येतंय का?