एमी, अली आणि आजूबाजूचे सगळे

'अली: फिअर ईट्स द सोल' हा जर्मन पिक्चर असा सुरू होतो. म्युनिक शहर. बाहेर पाऊस, म्हणून साठीच्या आसपासची एक विधवा बाई बारमध्ये शिरते, आत ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणी लावायचं यंत्र) अरबी गाणं चालू, आणि सगळे वळून तिच्याकडेच बघतायत. ती कोला मागवते. मग कोणीतरी मस्करीत एका मोरोक्कन माणसाला म्हणतं, जा की, नाच त्या म्हातारीबरोबर, आणि तो खरंच जातो.

ही एमी, साफसफाईची कामं करते. हा अली, गॅरेजमध्ये कामाला. 1963 मध्ये पश्चिम जर्मनीने मोरोक्कोशी करार करून कामगार आणायला सुरुवात केली, कामाला पाहिजेत पण शेजारी नकोत असलं ते प्रकरण. दिग्दर्शक फासबिंडरने 1974 चा हा पिक्चर जेमतेम दोनेक आठवड्यांत उरकला. एमी झालेली ब्रिगिटे मीरा आणि अली झालेला एल हेदी बेन सालेम, दोघंही कमाल.

दोघं लग्न करतात. एमी पोरांना बोलावून नवरा दाखवते, कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरतो, कोणी काही बोलत नाही, आणि एक मुलगा उठून लाथ घालून टीव्हीच फोडतो! (तो खडूस जावई आहे ना, तो स्वतः फासबिंडर.) वाणी सामान देत नाही, जिन्यात कुजबुज.

इथपर्यंतची गोष्ट कोणीही लिहिली असती. खरी गंमत पुढे आहे, दोघं सुट्टीवरून परत येतात तर सगळे एकदम गोड झालेले, कारण वाण्याला गिऱ्हाईक पाहिजे, मुलाला पोर सांभाळायला आई पाहिजे, शेजारणीला तळघरात जागा. आणि नेमकी तेव्हा एमीच बदलते. मैत्रिणींना अलीचे दंड दाबून बघू देते, बघा किती मजबूत आहे वगैरे. तो कुसकुस (त्याच्या देशातला सांज्यासारखा पदार्थ) मागतो तर म्हणते, आता जर्मनीतलं खायची सवय कर. कामावर नवी युगोस्लाव्ह बाई आली की हीसुद्धा बाकीच्यांसारखी तिला एकटं पाडते, कामावरच्या त्याच जिन्यात जिथे आधी त्यांनी हिला एकटं बसवलं होतं. मला तर टीव्ही फोडणाऱ्या मुलापेक्षा हे जास्त लागलं.

शेवटी दोघं परत त्याच बारमध्ये नाचतात, आणि नाचता नाचता अली पोट धरून कोसळतो. अल्सर. डॉक्टर म्हणतो, परदेशी कामगारांना होतंच हे, ऑपरेशन करू, पण सहा महिन्यांत हा परत अल्सर घेऊन येईल. एमी म्हणते, नाही येणार.