घाणेरी : बागेतून जंगलात

[फुलांचा गुच्छ, अगदी जवळून]

एकाच गुच्छात किती रंग आहेत पाहा. मधली फुलं पिवळी, कडेची केशरी, गुलाबी. पिवळी नुकती उमललेली, मकरंद असलेली. परागीभवन झालं की फुलाचा रंग बदलतो आणि फुलपाखरं त्याला सोडून पिवळ्याकडे वळतात. घाणेरी, टणटणी, नर्सरीतली लॅन्टाना. या रंगांपायीच माणसानं तिला जगभर नेलं.

तिचं मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. सतराव्या शतकात ती नेदरलँड्सला पोचली. युरोपातल्या बागवानांनी तिचे संकर केले, नवनवे रंग काढले. म्हणजे आज आपल्या रानात माजलेली घाणेरी मुळात बागेत घडलेली आहे. १८०० नंतरच्या पहिल्याच दशकात ब्रिटिशांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. शोभा होतीच, शिवाय कुंपणालाही सोयीची. दाट, काटेरी, आणि विषारी पानांमुळे गुरं सहसा तोंड न लावणारी.

[लालबुड्या बुलबुल फळं खाताना]

पिकलेली काळी-जांभळी फळं. एका मोठ्या झुडपाला वर्षभरात हजारोंनी लागतात. बुलबुल ती गिळतो, उडून झाडावर बसतो आणि विष्ठेतून बी खाली पडते. मोठ्या झाडांखाली घाणेरीची रोपं दाटीनं उगवतात, ती अशी.

[ड्रोन : डोंगरउतार]

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या जंगलांचा ४० टक्क्यांहून अधिक भाग घाणेरीनं व्यापला आहे. दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त. तिच्याखाली गवत मरतं, देशी झाडांची रोपं वर येत नाहीत, चितळ-गव्यांचा चारा आटतो.

[कुदळ, हात, मुळं]

तोडून ती मरत नाही. कोयत्यानं छाटली की बुडातून जोमानं फुटते, जाळली तरी फुटते. १९४१ मध्ये तिच्या पानांचा रस शोषणारा एक कीटक मुद्दाम परदेशातून आणला. पानं वाळली, झुडूप टिकलं.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका घाव कुठे घालायचा ते शोधलं. खोड आणि मूळ जुळतात तिथून नवे फुटवे येतात. घाव त्याच्या खाली, मातीच्या आत काही सेंटिमीटरवर बसायला हवा. इथे पाहा. एक जण फांद्या उचलून बुंधा मोकळा करतो. दुसरा कुदळ तिरपी घालतो आणि मुख्य मूळ तोडतो. जमीन फारशी उकरायची नाही, कारण माती हलली की तिच्यातलं घाणेरीचं बी रुजायला लागतं. मग सगळं झुडूप उचलून उलटं ठेवायचं. मुळं वर, फांद्या खाली. मातीशी संबंध तुटला की ते वाळतं. यंत्र नाही, औषध नाही. हात मात्र पुष्कळ लागतात, आणि सवयीचे लागतात. फळं धरण्याआधी हे उरकलं तर उत्तम.

[मोकळी झालेली जमीन, गवताची पेरणी]

जमीन उघडी ठेवली तर घाणेरी परत येते. म्हणून लगेच त्याच भागातल्या देशी गवतांचं बी पेरायचं, जिथे मुळात बांबू होता तिथे बांबू लावायचा. पुढची काही वर्षं पावसाळ्यानंतर फेरी मारायची, ती आधी पक्षी बसतात त्या झाडांखाली. तिथली कोवळी रोपं हातानं उपटता येतात. निधी मिळतो तो बहुधा पहिल्या साफसफाईपुरता. या फेऱ्यांसाठीही तो राखून ठेवायला हवा.

[नर्सरीतल्या कुंड्या]

आणि ही अजूनही शोभेचं झुडूप म्हणून विकली जाते, रस्त्यांच्या दुभाजकांवर लावली जाते. जंगलालगतच्या गावांत, रिसॉर्टच्या बागांत तरी ती लावणं आता थांबायला हवं. लावलेली असेल तर फळं पिकायच्या आत याच पद्धतीनं काढा.