रोझने फिनला वाचवलं ते बरोबर की चूक?

स्टार वॉर्सच्या चाहत्यांमध्ये दोन विषय असे आहेत की कुठेही काढा, अख्खी रात्र जाते. एक म्हणजे जेडाय योद्धा ल्यूक स्कायवॉकर झोपलेल्या भाच्यावर, बेनवर, लाइटसेबर म्हणजे ती प्रकाशाची तलवार उगारेल का, आणि दुसरा, बंडखोरांमधल्या रोझने जीव द्यायला निघालेल्या तिच्या साथीदाराला, फिनला वाचवलं ते बरोबर की चूक. दोन्ही २०१७च्या 'द लास्ट जेडाय'मधले. आज मी या दोनच वादांवर बोलणार आहे, आणि त्यातला दुसरा आपण कसा हातचा घालवला यावर जरा जास्त.

आधी ल्यूक. ज्यांना हा सिनेमा अजिबात आवडत नाही त्यांचं म्हणणं सरळ आहे, की ज्या माणसाने १९८३ मध्ये डार्थ व्हेडरसारख्या बापातसुद्धा चांगुलपणा शोधला तो बहिणीच्या, लेयाच्या पोराला झोपेत मारायचा विचार करेलच कसा? मुद्दा दमदार आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण मग 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा शेवट परत बघा. ल्यूक लपलाय, लढायला तयार नाही, आणि व्हेडर म्हणतो की तू नाही वळलास तर तुझी बहीण वळेल. झालं, ल्यूक ओरडत बाहेर येतो आणि घाव घालत सुटतो, व्हेडरचा हात तोडतो, आणि मग त्या तुटलेल्या हाताकडे बघतो, स्वतःच्या यांत्रिक हाताकडे बघतो आणि तेव्हा कुठे थांबतो. म्हणजे जवळच्या माणसाचं काहीतरी वाईट होणार असं दिसलं की याचा आधी हात चालतो आणि मग भान येतं, हे तेव्हापासूनच आहे. बेनच्या उशाशीही तेच झालंय, एक क्षण आणि मग लाज, फक्त यावेळी तेवढ्यात पोरगा जागा झाला. यावर समोरचा म्हणतो की तिथे बाप समोर उभा होता, हातात हत्यार होतं, इथे झोपलेलं पोर आहे, दोन्ही एक कसं? बरोबर आहे त्याचं. आणि ती रात्र सिनेमा तीनदा दाखवतो, ल्यूकची आधीची बाजू, कायलोची म्हणजे मोठ्या झालेल्या बेनची बाजू, मग ल्यूकने कबूल केलेली बाजू, त्यामुळे कोणाचं किती खरं धरायचं हाही वाद आहेच. असा वाद मला जाम आवडतो. सीन काढून सीनला उत्तर द्यायचं.

आणि हे बघा, ल्यूक साकारणाऱ्या खुद्द मार्क हॅमिललाही हे पटलं नव्हतं! त्याने लेखक-दिग्दर्शक राइयन जॉन्सनला तोंडावर सांगितलं होतं की तू ल्यूकसाठी जे काही ठरवलंयस ते मला मुळातच मान्य नाही, आणि नंतर ही शंका जाहीर बोलायला नको होती असंही म्हणाला. पण काम केलं, आणि काय केलं! निर्णय लिहिणारा वेगळा, तो पडद्यावर करून दाखवणारा वेगळा, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

हेच रोझच्या बाबतीत आपण विसरलो.

क्रेट ग्रहावरचा सीन आठवा. बंडखोर मोठ्या दरवाजाच्या आत अडकलेत, बाहेर दरवाजा फोडायची तोफ तापतेय, जुनाट स्पीडर, म्हणजे जमिनीलगत उडणाऱ्या गाड्या, घेऊन ही मंडळी निघालीत आणि एकेक जण उडतोय. त्यांचा म्होरक्या पो म्हणतो परत फिरा. फिन ऐकत नाही, सरळ तोफेच्या तोंडात निघतो. आणि रोझ बाजूने येऊन स्वतःचा स्पीडर त्याच्यावर घालते. पुढच्या क्षणी तोफ चालते, दरवाजा फुटतो. आता बरेच जण म्हणतात की तिच्यामुळे सगळे मरायचे, ल्यूक आला म्हणून वाचले. पण सिनेमाची सुरुवात बघा ना, रोझची बहीण पेज बॉम्बर विमानात एकटी उरते, मरता मरता बॉम्ब सोडते आणि जाते. तो हल्ला लेयाचा हुकूम मोडून पोने चालवलेला होता. म्हणजे असं मरण कसं दिसतं आणि मागे राहिलेल्याचं काय होतं हे त्या सगळ्यांत रोझला चांगलंच माहीत आहे. तिने जे केलं ते तिथून आलंय. पटो न पटो, कारण सिनेमात आहे.

यावर भांडायचं सोडून लोक गेले कुठे, तर रोझ साकारणाऱ्या केली मेरी ट्रॅनच्या इन्स्टाग्रामवर. तिचा चेहरा, तिचं शरीर, तिचे आईवडील व्हिएतनाममधून आलेले, यावरून महिनोन्महिने घाण. जून २०१८ मध्ये तिने सगळ्या पोस्ट काढून टाकल्या आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, मी गप्प बसणार नाही म्हणून. आणि २०१९च्या पुढच्या सिनेमात रोझ दीड मिनिटंसुद्धा दिसत नाही. त्याचं तांत्रिक कारण सांगितलं गेलं, लेया झालेल्या कॅरी फिशरच्या जुन्या फुटेजसोबतचे सीन नीट जमले नाहीत वगैरे, असेलही. पण निकाल काय लागला? रोझच्या त्या निर्णयाचं पुढे काय होतं, फिन त्याबद्दल काय म्हणतो, तिला कधी पश्चात्ताप होतो का, यातलं काहीच आलं नाही. जे तिच्या विरोधात होते त्यांनाही उत्तर मिळालं नाही आणि माझ्यासारख्यांनाही नाही. याचा मला अजून राग येतो.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. १९९९ मध्ये जार जार बिंक्स या पात्रावरून ते साकारणाऱ्या अहमद बेस्टचे असेच हाल केले. ते पात्र वंशाच्या साच्यावर बेतलंय ही टीका गंभीर होती, पण ती लिहिणाऱ्याला विचारायची होती ना. हा पंचविशीतला पोरगा, स्टेजवरून आलेला, पुढे सगळ्या इंडस्ट्रीने वापरलं ते मोशन कॅप्चरचं, म्हणजे नटाच्या हालचाली टिपून संगणकावर पात्र उभं करायचं काम सुरुवातीला करणाऱ्यांपैकी एक, आणि त्या काळात आपण जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो हे त्याने २०१८ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या मालिकेत तो जेडाय बनून दोन लाइटसेबर घेऊन छोट्या ग्रोगूला वाचवतो तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

मग कोणी विचारतं, त्याच मालिकेत कॅरा ड्यून झालेल्या जीना करॅनोचं काय? तिथे गोष्ट वेगळी आहे. २०२१ मध्ये स्टार वॉर्स बनवणाऱ्या लुकासफिल्मने तिला काढलं ते तिच्या स्वतःच्या सोशल मीडिया पोस्टवरून, पुढे तिने केस केली, २०२५ मध्ये तडजोड झाली. कंपनीचं चुकलं की तिचं यावर जरूर बोला, ते शब्द तिचे होते. कॅरा ड्यूनचे नव्हते. आणि बिचारी कॅरा मात्र तिसऱ्या सीझनमध्ये एका वाक्यात निकालात निघाली, स्पेशल फोर्सेसने नेलं म्हणे, संपलं.

तर माझं मत सांगून टाकतो. रोझ बरोबर होती. पो माघार घ्या म्हणाला होता, फिनच्या स्पीडरच्या तोफा वितळत होत्या, तो त्या तोफेपर्यंत पोचून तिचं काही वाकडं करू शकला असता असं मला दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांनी आता हात वर करा, माईक तिकडे पाठवतो, आणि कुठला सीन धरून बोलताय ते आधी सांगा.