अळूच्या मुळाशी

श्रोतेहो, नमस्कार.

आज पाण्याच्या ऑडिटबद्दल बोलायचं आहे. ऑडिट म्हटलं की वह्या, लाल पेन आणि चष्म्यावरून बघणारा माणूस आठवतो. पाण्याचं ऑडिट होतं रात्री, रस्त्यावर, आणि कानाने. पुन्हा सांगतो, रात्री आणि कानाने. नोकरीतली निम्मी वर्षं मी तेच केलं.

हिशोब तुमच्या दूधवाल्याच्या वहीसारखाच. जलकुंभातून सुटलं किती आणि घरोघरच्या मीटरवर उतरलं किती? मधलं काही जमिनीत मुरतं, काही चोरीला जातं, आणि काही पोचतं पण बंद मीटरमुळे मोजलंच जात नाही. ही सगळी तूट मिळून २० टक्क्यांच्या वर नसावी, असा केंद्राचा शहरांसाठीचा निकष आहे.

आपल्या ठाण्याला स्वतःचं धरण नाही. भातसेचं पाणी पिसे इथे उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं, आणि उरलेली गरज स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून भागवायची. म्हणून दर उन्हाळ्यात नव्या धरणाची मागणी होते. होऊ दे. पण भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर जातात. आधी आपल्या पाइपांना बोळे घालू, मग त्यांच्याकडे आणखी मागायला जाऊ, असं मला वाटतं. असो.

आता तो किस्सा. खरं म्हणजे मी तोच सांगायला आलोय.

खाडीच्या अलीकडची एक जुनी वस्ती. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. तिथल्या एका गल्लीची तक्रार ठरलेली: धार करंगळीएवढी, आणि पहिल्या दोन बादल्यांना वास. त्या रात्री आम्ही लाइन मुद्दाम चालू ठेवली. टाक्या भरू दिल्या, मग घरोघर विनवण्या करून सगळे कॉक बंद करून घेतले. आता वस्तीच्या तोंडाशी लावलेला मीटर थांबायला हवा. रात्रीचे अडीच वाजले, तरी थांबेना. ताशी सहा हजार लिटर! अख्खी वस्ती झोपलीय आणि सहा हजार लिटर कुणीतरी पितंय.

आमचे चावीवाले मामा एकेक व्हॉल्व्ह बंद करत निघाले. पहिली गल्ली बंद, मीटर तसाच. दुसरी बंद, तसाच. तिसरी बंद केली आणि काटा बसला. सापडली गल्ली! मग लोखंडी कांब जमिनीला टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, दोन पावलं सरकायचं, पुन्हा कान लावायचा. गळती असली की बारीक सूंऽऽ ऐकू येतं. आम्हाला ऐकू आलं एका खिडकीतलं घोरणं. कुत्री भुंकून दमली, आमच्या माना अवघडल्या, गळती काही बोलेना.

उजाडलं. चहा शोधत परत निघालो, तर मामा एका कुंपणाशी थबकले. आत अळू. मे महिन्यात, कंबरेएवढं, काळ्या देठाचं, एकेक पान सुपाएवढं. आजी दारातच उभ्या होत्या. मामांनी विचारलं, "आजी, हे कुठल्या पाण्यावर?"

"मोरीच्या. आणखी कुठल्या?"

पण मोरी घराच्या दुसऱ्या बाजूला होती, आणि तिचं पाणी थेट गटारात. मामांनी वीतभर खड्डा केला. झिरपलेलं पाणी बाटलीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले, आणि पाणी फिकट पिवळं झालं. पिवळं म्हणजे क्लोरीन. मोरीच्या पाण्यात क्लोरीन कुठून येणार? कांबेला ऐकू आलं नाही, कारण चिखलात बुडालेली गळती आवाज दाबून टाकते.

"खणावं लागेल," मी म्हणालो. आजींनी आधी सगळी पानं खुडून घेतली, मगच फावडं लावू दिलं. खाली बिडाच्या पाइपचा जोड सुटलेला. दुपारी आम्हाला ताज्या अळूवड्या. चिंच-गूळ नेमका, उकडून मग तव्यावर परतलेल्या. हल्ली दुकानात तयार उंडे मिळतात, त्यांत बेसन जास्त आणि पान नावाला. त्याला अळूवडी म्हणू नये.

आता हिशोब. त्या लाइनला रोज सहा तास पाणी असायचं. ताशी सहा हजार धरले तर दिवसाला छत्तीस हजार लिटर. माणशी १३५ लिटरच्या मापाने २६६ माणसांचं पाणी एका अळूला! आणि वास? पाणी बंद झालं की रिकामा पाइप बाहेरचा चिखल आत ओढतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन बादल्यांत तोच.

सुधारणेचा आराखडा यातूनच निघतो. शहराचे लहान विभाग पाडा, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर लावा, रात्री कुठे पाणी वाहतंय ते बघा, आणि जिथे सर्वांत जास्त जातंय तिथले पाइप आधी बदला. आधी मोजणी, मग खोदाई. पुन्हा सांगतो, आधी मोजणी. आणि पाइप बदलल्याशिवाय वर काँक्रीटचा रस्ता करू नका. या विषयावर मी घरी बोलायला लागलो की बायको टीव्हीचा आवाज वाढवते.

सोसायटीतही हे जमतं. रात्री पाणी चालू असताना टाकीचा कॉक बंद करा आणि मीटर बघा. फिरला, तर मीटर आणि टाकीच्या मधे कुठेतरी गळतंय. आणि कालचं पाणी शिळं झालं म्हणून सकाळी ओतून देणाऱ्या ताई-माई, झाकलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही हो.

पुढच्या वर्षी मी त्या गल्लीत गेलो. धार चांगली होती, वास नव्हता. आजींनी अळू आता खरंच मोरीच्या पाण्यावर लावलं होतं, तळहाताएवढं. मला बघताच म्हणाल्या, "पाणी झकास येतं. पण अळू खाजतं आता."

चिंच थोडी जास्त घाला, म्हणालो. दुसरं काय सांगणार?

नमस्कार.