कॅलेंडर उघडून बसा

मित्रहो, वर्ष संपत आलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात एक फॉर्म पडतो. या वर्षी काय साधलं, कुठे कमी पडलात, पुढे काय करणार. हा फॉर्म आपण शेवटच्या दिवशी, दोन मीटिंगांच्या मधल्या अर्ध्या तासात भरतो. आणि त्यात लिहितो काय? आठवतं ते. मला आज या आठवण्याबद्दलच बोलायचं आहे. 15 वर्षं मी टीम सांभाळते आहे आणि आता माझी खात्री झाली आहे, की स्वतःचं वर्ष तपासायला बसलेल्या बॉससाठी त्याच्या स्वतःच्या आठवणीइतका पक्षपाती साक्षीदार दुसरा नाही.

आठवण खोटं बोलते असं मी म्हणत नाही. ती आपल्या बाजूने बोलते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांमध्ये दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. यात कुणी थापा मारत नव्हतं. आपण स्वतः केलेलं काम आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्या डोळ्यांसमोर नसतंच, एवढंच कारण. आता हेच ऑफिसात आणून बघा. टीमने पार पाडलेला प्रोजेक्ट आठवताना तुम्हाला तुमची जागरणं आठवतात, तुम्ही केलेले फोन आठवतात. तुमच्या हाताखालच्या माणसाने कुणाला न सांगता निस्तरलेला घोळ तुम्हाला आठवणार कुठून? तो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, हेच तर त्याचं काम होतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या मते आमचं वर्ष उत्तम गेलं होतं. टार्गेट पूर्ण झालं होतं, वरिष्ठ खूश होते. माझा फॉर्म मी समाधानाने भरला. आणि त्याच आठवड्यात टीममधल्या एका तरुण सहकारी मुलीने राजीनामा दिला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘अचानक?’ त्या रात्री मी वर्षभराचं कॅलेंडर उघडून बसले. तिच्यासाठी दर महिन्याला अर्धा तास राखून ठेवलेला होता. म्हणजे 12 भेटी. झाल्या होत्या 5. उरलेल्या 7 रद्द, आणि सातही मी रद्द केलेल्या. दर वेळी कारण योग्यच होतं, कुठली ना कुठली तातडी होती. पण रद्द झालेल्या भेटी एकाखाली एक बघितल्यावर ती कारणं मला स्वतःलाच वाचवेनात. मग जुने ईमेल काढले. ‘या वेळापत्रकात हे काम बसणार नाही, आपण बोलू या का?’ असं तिने काही महिन्यांपूर्वी विचारलं होतं. त्यावर माझं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘बघू.’

अचानक काहीच झालं नव्हतं. तो शब्द फक्त माझा होता.

म्हणून मी आता आग्रहाने सांगते, की वर्षअखेरीस डोळे मिटून चिंतन करण्याआधी डोळे उघडून नोंदी बघा. कॅलेंडर, ईमेल, मीटिंगांची टिपणं. तुमचा वेळ कुणाला मिळाला आणि कुणाला मिळाला नाही, कुठला विषय पाच मीटिंगांमध्ये पुढे ढकलला गेला. विशेषतः पुढे ढकललेले विषय बघा, कारण केलेल्या चुका निदान दिसतात. न घेतलेल्या निर्णयावर कुणाची सही नसते.

निर्णयांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यांवर गेले. त्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी काही जणांना, या दौऱ्यांत कोणकोणत्या गोष्टी घडतील याची शक्यता वर्तवायला सांगितली. दौरे आटोपल्यावर त्याच माणसांना विचारलं, की तेव्हा तुम्ही काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं होतं ते आपण आधीच जास्त ठामपणे सांगितलं होतं, असं लोकांना ‘आठवलं’. ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. पण आपल्याला सगळं आधीच माहीत होतं असं वाटत असेल, तर त्या वर्षाकडून शिकायला काही उरतच नाही.

यावरचा उपाय व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगून ठेवला आहे आणि तो अगदी साधा आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. ते स्वतः ही पद्धत वर्षानुवर्षं पाळत होते. मी चार-पाच ओळी लिहिते, तारखेसकट. बारा महिन्यांनी त्या वाचणं सुखाचं नसतं. माणसं पारखण्यात मी बरी आहे असा माझा समज होता. तीन वर्षांच्या ओळी लागोपाठ वाचल्यावर दिसलं, की काम किती दिवसांत होईल याचे माझे अंदाज ठीक असतात, आणि कुणावर काय सोपवावं याचे वारंवार चुकतात.

एवढं करूनही दिव्याखाली अंधार राहतोच. नोंदींमध्ये फक्त बोललं-लिहिलं गेलेलं सापडतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या हातून औषधं देण्यात कमी चुका होत असतील, असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर जो अर्थ लागला तो असा, की तिथे लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. बाकीच्या ठिकाणी अळीमिळी गुपचिळी. तेव्हा ‘या वर्षी माझ्याकडे एकही तक्रार आली नाही’ हे वाक्य तुमच्या फॉर्ममध्ये असेल, तर कृपा करून त्यावर थोडा वेळ थांबा. शेवटची नकोशी बातमी तुम्हाला कुणी दिली होती? त्या माणसाचं पुढे काय झालं? टीममधल्या प्रत्येकाला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं.

त्या सहकारी मुलीला मी तिच्या शेवटच्या आठवड्यात भेटले. मी विचारलं, ‘मला काय दिसलं नाही?’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, मार्चमधल्या त्या मीटिंगनंतर मी सांगणं सोडून दिलं.’ मला ती मीटिंग आठवेना. तिला मात्र खोलीत कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत सगळं आठवत होतं. तिने एक अडचण मांडली होती आणि मी सगळ्यांसमोर तिचं बोलणं तोडून पुढचा मुद्दा घेतला होता. मी तिची माफी मागितली. तिने ती स्वीकारली, पण राजीनामा मागे घेतला नाही, आणि मी तसं सुचवलंही नाही.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मी टीमसमोर हे सगळं सांगितलं, तिचं नाव न घेता. आणि प्रत्येकाबरोबरच्या महिन्याच्या भेटींसाठी एक नियम केला. भेट रद्द करायचा हक्क समोरच्याचा, माझा नाही. मला अडचण आली तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ मीच शोधायची. त्या वर्षाच्या शेवटी पुन्हा कॅलेंडर उघडलं. 6 माणसं, 72 भेटी. 4 रद्द झाल्या होत्या, आणि चारही त्यांनी केल्या होत्या.