रकूनची दोन नाणी

नमस्कार श्रोतेहो. प्राण्यांचं प्रशिक्षक व्हायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींना मी आधी एकच विचारते: तासभर नुसतं बघत बसता येईल? हात न लावता, हाक न मारता? बघत बसता येणं ही या कामाची पहिली पायरी. आणि दिसलेलं वहीत उतरवा, पेनाने. मोबाईलवर टिपलेलं कुणी पुन्हा उघडत नाही, हे माझं ठाम मत आहे. हल्ली कुणाचं अक्षरही धड राहिलेलं नाही. असो.

आता माझी लाडकी गोष्ट. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे अमेरिकेतलं जोडपं, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. हवी ती कृती झाली की लगेच खाऊ, या तंत्रावर त्यांनी अख्खा व्यवसाय उभा केला. एकदा त्यांनी रकूनला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवायला घेतलं. रकून, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, पुढच्या पंजांनी सगळं चाचपून बघणारा प्राणी. उचलायला तो पटकन शिकला. सोडायला मात्र तयार होईना! नाणं डब्याच्या आतल्या बाजूला घासायचा, बाहेर काढायचा, घट्ट धरून ठेवायचा. अखेर एकदाचं सोडलं, खाऊ मिळाला. मग त्याच्यापुढे दोन नाणी ठेवली, आणि सगळंच बिनसलं. दोन्ही नाणी एकमेकांवर चोळत बसला, कधी कधी तर मिनिटं-मिनिटं. डब्यात बुडवायचा, पुन्हा वर काढायचा. खाऊ बंद, तरी चोळणं चालूच. उलट दिवसेंदिवस वाढलं. रानात कवचाचं भक्ष्य तो असंच चोळून सोलतो. नाणं खाऊशी जोडलं गेलं आणि त्याचे पंजे नाण्यालाच सोलू लागले.

38 जातींचे, 6000 च्या वर प्राणी हाताळलेल्या या दोघांनी 1961 साली ही फसगत शास्त्रीय नियतकालिकात छापली. मला त्यांचं हे फार आवडतं.

बाकी तंत्र थोडक्यात. बक्षीस वेळेवर द्या. पुन्हा सांगते, वेळेवर. कुत्रा बसला आणि तुम्ही खिसा चाचपत राहिलात, तोवर तो उठलेला असतो. मग बक्षीस उठण्याला मिळतं.

माझ्याकडे एक कुत्रा आला होता, नाक कायम जमिनीला. खाऊकडे ढुंकूनही बघेना. मला रकून आठवला: प्राण्याच्या उपजत ओढीपुढे खाऊही हरतो. मग ती ओढच बक्षीस का करू नये? मी खाऊ खिशात ठेवला. तो क्षणभर बसला की लगेच दोरी सैल सोडायची आणि म्हणायचं, ‘जा, हुंग!’ तिसऱ्या दिवशी फाटकाशी पोचल्यावर तो आपणहून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.